कुंकू लावलेले पैसे

२१ जून २००१, गुरुवार. सकाळी साडेआठच्या सुमारास नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्यासमोर एक लाख दहा हजार रुपये ठेवलेले होते. शंभराच्या नोटांच्या अकरा गड्ड्या, बँकेच्या कागदी पट्ट्यांसकट, स्टीलच्या ताटात. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, आमची मुलगी, माझा थोरला भाऊ आणि वहिनी. पैसे भावाचे होते. ते मुलीला इंजिनियरिंगची सीट मिळावी म्हणून द्यायचे होते, आणि मुलीला बारावीत सत्तेचाळीस टक्के पडले होते.

नेमकं सांगायचं तर सत्तेचाळीस पूर्णांक त्र्याऐंशी. सहाशेपैकी दोनशे सत्त्याऐंशी. इंग्रजी चव्वेचाळीस, मराठी अठ्ठावन्न, भौतिकशास्त्र एकोणचाळीस, रसायन एक्केचाळीस, गणित अडतीस आणि जीवशास्त्र सदुसष्ट. दहावीला तिला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. अठ्ठ्याहत्तर पडल्यावर सायन्स घ्यायचं की नाही हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारलंच नाही. क्लासचे सर म्हणाले, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, डॉक्टर नाही तर इंजिनियर, काहीतरी होईलच. आम्ही दोन्ही ठेवलं.

निकालाच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मुलाला चौऱ्याऐंशी टक्के होते. "तुमच्या लेकीला किती?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "पास झाली," आणि पेढ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात साखर घालून दिली. मुलगी रडली वगैरे नाही. तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरचे सगळे डबे उतरवले आणि घासायला बसली. दुसऱ्या दिवशी पितळेची भांडी काढली. बायको मला म्हणाली, "तिला काही बोलू नका. एवढं घर स्वच्छ दिवाळीलासुद्धा झालं नव्हतं."

मी बोललो नाही. मी भावाला फोन केला.

भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. पिंपळगाव बसवंतजवळ आमची शेती, तिथे त्याची चार एकर द्राक्षबाग. मी नववीत असताना वडील गेले, तेव्हापासून घर त्याने चालवलं. मला कॉलेजसाठी नाशिकला ठेवलं ते त्यानेच. दर महिन्याला खोलीभाड्याचे आणि खानावळीचे पैसे तो भाजीच्या टेम्पोवाल्याच्या हाती पाठवायचा, आणि पाच वर्षांत एकदाही ते उशिरा आले नाहीत. मी बी.कॉम. झालो, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागलो. हे सगळं भावाने कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याला एखाद्या गोष्टीला नाही म्हणणं मला सोपं गेलं असतं.

फोनवर तो म्हणाला, "किती पडले?"

"सत्तेचाळीस."

"पास हाय ना?"

"पास आहे."

"मग कशाला रडतो? सीट बघतो मी. आवंदा बागेचे पैसे चांगले आलेत. ताईला म्हणावं, कपडे शिवून ठेव."

आमच्या मुलीला तो ताई म्हणे. त्याला दोन मुलगे, दोघेही बागेत. ही एकटीच शिकणारी. ती दहावी पास झाली तेव्हाच त्याने बाजार समितीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पुतणी इंजिनियर होणार. आडत्यांपासून हमालांपर्यंत सगळे त्याला विचारत, "काय दादा, झाली का इंजिनियर?" आणि तो म्हणे, "दोन वर्षं थांबा."

सात-आठ दिवसांनी त्याचा फोन आला. नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ एक गृहस्थ आहेत, सीटचं काम करतात. एक लाख दहा हजार डोनेशन. गुरुवारी सकाळी येतो.

मधल्या दिवसांत मी आकडेमोड करून पाहिली होती. वर्षाची फी अडतीस हजार, होस्टेल आणि मेस बावीस, म्हणजे साठ. चार वर्षांचे दोन लाख चाळीस. डोनेशन धरून साडेतीन लाख. माझा पगार तेव्हा आठ हजार चारशे होता. कारखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढून, बायकोच्या पाटल्या ठेवून ते कसंबसं जमलं असतं. पैशांपेक्षा मला गणिताची काळजी होती. आमच्या कारखान्यात एक ट्रेनी इंजिनियर होता, त्याला मी सहज म्हणून विचारलं, इंजिनियरिंगला गणित किती असतं. तो म्हणाला, "काका, पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी एक पेपर. आणि बाकीचे विषय म्हणजे पण गणितच." त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. पोरगी परक्या गावी, होस्टेलच्या खोलीत, पुढ्यात गणिताचा पेपर. हे चित्र सारखं डोळ्यांपुढे येई. पण भावाला हे कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. त्याच्या पैशावर मी शिकलो, आणि आता माझ्या मुलीसाठी तो पैसे घेऊन येतोय तर मी म्हणणार, नको? बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "तुमचा भाऊ, तुम्ही बघा."

गुरुवारी भाऊ आणि वहिनी पहिल्या एसटीने आले. वहिनी आत आली ती चप्पल काढून सरळ देव्हाऱ्याकडे गेली. आमच्या घरात एक रीत आहे. मोठ्या, शुभ कामाचे पैसे घरातून बाहेर पडण्याआधी देवापुढे ठेवायचे, त्यांना हळदीकुंकू लावायचं आणि काम काय ते मनात बोलायचं. आणि एकदा ठेवलेले पैसे त्या कामाला न लागता पुन्हा कपाटात जात नाहीत. ही दुसरी अट भाऊ फार कडक पाळतो. एकदा त्याने ट्रॅक्टरसाठी पैसे असे ठेवले. त्याला लाल ट्रॅक्टर हवा होता. दुकानात गेला तर लाल तीन महिन्यांनी येणार होता. पैसे माघारी न्यायचे नाहीत म्हणून त्याच दिवशी निळा घेऊन आला. बरीच वर्षं तो निळा ट्रॅक्टर त्याने चालवला, आणि निळा रंग त्याला अजिबात आवडत नाही.

वहिनीने ताटात गड्ड्या मांडल्या, प्रत्येकीवर हळदीचं आणि कुंकवाचं बोट टेकवलं, आणि मुलीला म्हणाली, "ये ग बाई, पाया पड." मुलगी पाया पडली. उठताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहत होतो.

माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं भाऊ निघालो. तो मागे, पैशांची पिशवी दोघांच्या मध्ये दाबून धरलेली. मुलीला बरोबर घ्यायचं का असं मी विचारलं तर म्हणाला, "तिचं काय काम? पैसे आपले, बोलणी आपली."

द्वारकेच्या चौकापासून जवळच, टायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर त्या गृहस्थांची खोली होती. बाहेर बाकावर एक पालक आधीच बसलेले होते, मांडीवर काळी बॅग. आम्ही आधी वेळ घेतलेली असल्यामुळे आम्हाला आत बोलावलं. भिंतीवर तीन-चार मोठ्या इमारतींचे रंगीत फोटो. भावाच्या डोक्याला टोपी होती म्हणून तो काका, आणि माझ्या खिशाला पेन होतं म्हणून मी सर.

"या काका, बसा. सर, तुम्ही पण. मुलगी नाही आणली? चालतं. तिचं इथं काही काम नसतं." त्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स हातात घेतली. "फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचा ग्रुप एकोणचाळीस टक्के. हं. महाराष्ट्रात नाही होणार. पण शेजारच्या राज्यात आपलं एक कॉलेज आहे. ग्रुपचं आम्ही बघतो."

"बघतो म्हणजे काय करता?" मी विचारलं.

"बघतो म्हणजे बघतो, सर."

भावाने विचारलं, "कॉम्प्युटर हाय का?"

"कॉम्प्युटरला दोन दहा लागतील, काका. एक दहामध्ये सिव्हिल आहे, मेकॅनिकल आहे."

भाऊ म्हणाला, "सिव्हिल करू. गावातल्यांचे बंगले तरी बांधील. लय बंगले व्हायलेत आमच्याकडं."

"झालं तर मग. आज पन्नास द्या, बाकीचे ॲडमिशनच्या दिवशी."

भावाने पिशवीतून पाच गड्ड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या गृहस्थांनी त्या पुढे ओढल्या तेव्हा बोटांना कुंकू लागलं. त्यांनी बोटं पाहिली, रुमाल शोधला, सापडला नाही म्हणून टेबलावरच्या कॅलेंडरच्या कडेला पुसली. मग गड्ड्या खणात टाकायला खण उघडला.

मी खिशातून पेन काढलं. आता जे मी बोललो त्यात काही युक्ती होती असं नातेवाईक पुढे अनेक वर्षं म्हणत राहिले. नव्हती. पैसे दिले की पावती घ्यायची ही माझी सवय आहे, श्वास घेण्यासारखी. मी म्हणालो, "पावती मुलीच्या नावाने करा. स्पेलिंग मी सांगतो."

"कसली पावती?"

"पन्नास हजारांची."

"सर, हे डोनेशन आहे."

"हो ना. देणगीची पावती तर असतेच. आमच्या कॉलनीत गणपतीची वर्गणी मी गोळा करतो, अकरा रुपये दिले तरी पावती फाडतो."

भावाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्याच्या पायात शेतावरची जाड चप्पल होती.

"हे गणपतीचं नाही ना, सर," ते गृहस्थ म्हणाले. "इथं विश्वासावर चालतं."

"माझा विश्वास आहे. पण समजा ॲडमिशन झालीच नाही, तर हे पैसे कोणी दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. कॉलेजची नको, तुमच्या सहीची द्या. साध्या कागदावर."

"साध्या कागदावरसुद्धा नाही."

"का?"

त्यांनी खण बंद केला. गड्ड्या अजून टेबलावरच होत्या. त्या त्यांनी दोन बोटांनी आमच्या बाजूला सरकवल्या. "काका, तुम्ही घरी जाऊन विचार करा. सरांची शंका मिटली की या. सीट तोवर राहील असं मात्र मी सांगत नाही." आणि दाराकडे पाहून, "पुढचे या."

काळ्या बॅगवाले पालक आत आले. आम्ही जिन्यात असताना आतून खणाचा आवाज आला. त्यांनी पावती मागितली नसावी. त्यांच्या मुलाचं किंवा मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चांगलंही झालं असेल.

आम्ही स्कूटरवर निघालो. मुंबई नाक्याला सिग्नल लागला तेव्हा मागून आवाज आला, "पावती पाहिजे म्हणे." मग हिरवा लागला. घर येईपर्यंत दुसरं वाक्य नाही.

घरात आल्यावर त्याने पिशवी देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. वहिनीने पाणी आणलं. "झालं का काम?"

"ह्याला विचार. ह्याला पावती पाहिजे होती."

"कशाची?"

"डोनेशनची."

"मग दिली का त्याने?"

"तसली पावती नसती."

"का नसती?" वहिनीने अगदी साधेपणाने विचारलं.

 भावाने माझ्याकडे बोट केलं. "नाक कापलं यानं माझं. चार माणसांतून ओळख काढून गेलो होतो. अन् हा तिथं गणपतीची वर्गणी सांगतो." मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाला, "जाऊ द्या. नाशिकरोडला दुसरा एक जण हाय, त्याचा पत्ता आणलाय मी. जेवून तिकडं जाऊ. अन् तू खालीच थांब बारक्या, वर येऊ नको."

बारक्या म्हणजे मी. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो.

म्हणजे सुटका झालेली नव्हती. द्वारकेच्या जिन्यावरून उतरताना मला, खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं होतं. आता तो नाशिकरोडला निघाला होता आणि त्याला थांबवणारं काही नव्हतं, कारण पैशांना कुंकू लागलेलं होतं. ते पोरीच्या शिक्षणाला लागल्याशिवाय पिंपळगावला परत जाणार नव्हते. लाल नाही तर निळा, कुठली तरी सीट तो संध्याकाळपर्यंत घेऊन आला असता.

बायकोने ताटं घेतली. भाऊ म्हणाला, भूक नाही. कोणी बसेना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली, "मोठे बाबा, एक विचारू?" तिच्या हातात आमटीचा डाव होता, तो तिने खाली ठेवला नव्हता.

"विचार ना ताई."

"सिव्हिलला गणित असतं का?"

"असंल थोडंफार."

"मला अडतीस पडलेत."

"क्लास लावू की."

"लावला होता. दोन वर्षं. बाबांनी चौदा हजार भरले. चौदा हजारांत अडतीस."

भाऊ हसला नाही, पण वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मुलगी पुढे म्हणाली, "मला समजतच नाही ते. सर फळ्यावर करतात तेव्हा बरोबर वाटतं, घरी आले की काहीच येत नाही. तिकडे गेले तरी डोकं हेच नेणार मी."

"मग काय करती? घरी बसती? घरी बसली की महिनाभरात स्थळं घेऊन येतील लोक. मला थांबवता येणार नाय त्यांना."

"घरी नाही बसत. बी.एस्सी. करते, इथेच. जीवशास्त्रात सदुसष्ट आहेत मला. मायक्रोबायोलॉजी घेता येतं. कॉलेजात जाऊन विचारून आलेय मी, सोमवारी."

हे मला किंवा बायकोला, दोघांनाही माहीत नव्हतं. सोमवारी ती मैत्रिणीकडे म्हणून गेली होती.

"साधं बी.एस्सी.?" भाऊ म्हणाला.

"साधंच."

"त्याला डोनेशन किती?"

"नसतं."

"काहीच नाय?" त्याला ते खरं वाटेना. डोनेशन नसलेलं शिक्षण म्हणजे कोणी न घेतलेला माल असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "अगं, बाजारात मी सांगून बसलोय. पुतणी इंजिनियर होणार म्हणून."

"मी दोन वर्षांनी नापास होऊन परत आले तर बाजारात काय सांगाल, मोठे बाबा?"

असं त्याच्याशी घरात कोणी बोलत नाही. बायकोने मुलीकडे डोळे मोठे करून पाहिलं.  भावाने टोपी काढून मांडीवर धरली आणि तो तिची घडी नीट करत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"तुझं काय म्हणणं?"

मला वाटलं होतं हा प्रश्न यायचाच नाही, पोरीने निभावून नेलं. पण तो मलाच विचारत होता आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "तिचं बरोबर आहे, भाऊ. तिला ते जमणार नाही. निकाल लागल्यापासून हेच माझ्या मनात आहे."

"मग बोलला का नाय?"

"पैसे तुझे होते."

"अन् पोरगी कुणाची?"

 तो रागावलेला नव्हता. म्हणाला, "मला वाटलं तुला पाहिजे हाय. तू फोन केला तेव्हा तुझा आवाज रडका होता. मला वाटलं, ह्याला सीट पाहिजे, मागायला लाजतो. म्हणून मी धावपळ केली. न्हाईतर मला काय करायचं होतं सिव्हिल?"

म्हणजे तो माझ्यासाठी निघाला होता आणि मी त्याच्यासाठी. मधल्या मधे पोरीला परराज्यात पाठवायला आम्ही दोघंही निघालो होतो.

आता कोणाला नाशिकरोडला जायचं नव्हतं. पण पिशवी देव्हाऱ्याजवळ होती आणि भाऊ तिच्याकडे पाहत होता. "पण कुंकू लावलंय," तो म्हणाला. "ताईच्या शिक्षणाचं बोलून लावलंय. बी.एस्सी.ला एक लाख दहा हजार लागत नाय. हे घेऊन मी घरी कसा जाऊ?"

मी हिशेब करायला लागलो. तीन वर्षांची फी, पुस्तकं, बसचा पास. कितीही ताणलं तरी वीस हजारांच्या पुढे जाईना. उरलेले नव्वद हजार शिक्षणाला लावायचे कसे? बायको हळूच म्हणाली, मुलीच्या नावाने बँकेत ठेवले तर? भाऊ म्हणाला, बँकेत ठेवणं म्हणजे कपाटातच ठेवणं.

तेव्हा वहिनी म्हणाली, "तुम्ही सगळे असं काय करता? मी कुंकू वरच्या एकाच गड्डीला लावलंय."

भावाने मान वर केली. "एकाच?"

"एकाच. बाकीच्या नुसत्या ताटात होत्या, सोबतीला."

अकराच्या अकरा गड्ड्यांना कुंकू होतं. मी सकाळी समोर उभा होतो, मोजलं होतं. भाऊ माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. द्वारकेला त्या गृहस्थांची बोटं लाल झाली होती ती पाच गड्ड्यांनी, आणि ती आम्ही दोघांनी पाहिली होती. माझा स्वभाव असा की कोणी आकडा चुकीचा सांगितला तर मला राहवत नाही. कारखान्यात मोठ्या साहेबांनाही मी मध्येच अडवलंय. बायको माझ्याकडे बघत होती. मी आमटीच्या पातेल्याकडे पाहत राहिलो.

भाऊही वहिनीकडे बघत राहिला. वहिनीने पापणी हलवली नाही.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "बोलायचं ना आधी."

"तुम्ही बोलू द्याल तेव्हा."

त्याने पिशवी उघडली, आत न पाहताच एक गड्डी काढली आणि मुलीच्या हातात दिली. "घे. ह्याचं काय शिकायचं ते शीक. पण शीक." मग पिशवीचं तोंड दोरीने बांधलं आणि म्हणाला, "वाढा."

तीन भाकरी खाल्ल्या त्याने, आणि वर भात. आमटी परत परत मागून घेतली. मध्येच आठवून म्हणाला, "अकरा रुपयांची बी पावती फाडतो म्हणे," आणि त्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. वहिनीने पाठीवर थोपटलं. मग तो मुलीला विचारत राहिला, ते मायक्रो म्हणजे काय असतं. तिने सांगितलं, डोळ्यांना न दिसणारे जंतू. "बागेवर डावणी पडतो, ती बुरशी, तसलं?" ती म्हणाली, "तसलंच काहीतरी." तो म्हणाला, "मग बाजारात सांगायला हरकत नाय. इंजिनियरपेक्षा डावणीचं कोणी सांगणारं असलं तर लोक ऐकतील." तिने पुढे डावणीचं काहीच केलं नाही, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली, पण त्या दुपारी त्याचं समाधान झालं.

चारच्या एसटीला मी त्यांना सोडायला गेलो. वहिनी पुढे चढून बसली. भाऊ पिशवी छातीशी धरून उभा होता. म्हणाला, "सकाळी येताना आडगावपर्यंत उभ्यानं आलो. ही पिशवी धरून हात दुखले. आताही दुखतील, पण आता काय वाटत नाय." मग गाडीत चढताना, "बारक्या, पुढच्या वेळी तोंड उघड लवकर."

घरी येऊन मी झोपलो. दुपारची झोप मला कधी येत नाही, पण त्या दिवशी दिवेलागणीला बायकोने उठवलं तेव्हा जाग आली. मुलगी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती आणि वरच्या बाईंशी बोलत होती. बाईंनी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "बी.एस्सी. इथंच," आणि बाई म्हणाल्या, "बरं आहे की, डोळ्यांसमोर राहशील."

जुलैत प्रवेश झाला. भावाने दिलेली दहा हजारांची गड्डी मुलीने स्वतःकडे ठेवली आणि खर्चही स्वतःच केला. पहिल्या वर्षाची फी दोन हजार तीनशे पंचाऐंशी. प्रयोगशाळेचा पांढरा कोट आणि उपकरणांची पेटी तीनशे दहा. दुसऱ्या वर्षाची फी दोन हजार सहाशे चाळीस, तिसऱ्या वर्षाची तीन हजार एकशे वीस. जुनी पुस्तकं तिन्ही वर्षांची मिळून एक हजार एकशे पाच. बाकी राहिले चारशे चाळीस. शेवटच्या परीक्षेची फी चारशे नव्वद होती. पन्नास कमी पडले, ते मी दिले. कॉलेजच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंकडे ते चारशे नव्वद रुपये मुलीने २००४ साली भरले.